रिकाम्या पलंगाचं भाडं देऊ, न आलेल्या माणसाचं नाही

मुंबईहून क्रूझ चालवणाऱ्या कंपन्यांच्या व्यवस्थापनास, त्यांची तिकिटं विकणाऱ्या प्रवासी संस्थांना आणि बंदराचा कारभार पाहणाऱ्यांना खुलं पत्र

स. न. वि. वि.

पाऊस सरला की तुमची नवी दरपत्रकं येतात. मुंबई–गोवा, मुंबई–लक्षद्वीप, मुंबई–कोची. ठळक अक्षरांत किंमत, किमतीच्या डोक्यावर तारा आणि पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘प्रति व्यक्ती, ट्विन शेअरिंग’, म्हणजे केबिनमध्ये दोघं धरून. एकट्याने जाणाऱ्याची किंमत यंदाही कुठे छापलेली नाही. फार तर ‘कृपया चौकशी करा’. चौकशी केली की तीन एजंट तीन आकडे सांगतात आणि तिघंही म्हणतात, हाच कंपनीचा दर. म्हणून हे पत्र.

आम्ही म्हणजे मुंबई, ठाणे, डोंबिवलीकडची एकट्याने जहाजावर जाणारी माणसं आणि त्यांची बुकिंगं करून देणारे. आमच्यात कुणाचा जोडीदार गेला आहे, कुणी लग्नच केलेलं नाही. कुणाच्या नवऱ्याला बोट लागते, म्हणून तो गेटवेहून मांडव्यालासुद्धा यायला तयार नसतो. कुणाला तीन दिवस कुणाशी न बोलता नुसता समुद्र बघायचा असतो, तेवढं कारण पुरेसं आहे. कुणीही सवलत मागत नाहीये. पावती खरी असावी, एवढंच म्हणणं आहे.

आधी तुमची बाजू, कारण ती आम्हाला कळते. केबिन दोन खालच्या पलंगांची म्हणून विकली जाते. जहाज किती भरलं याची टक्केवारीही एका केबिनमागे दोन माणसं धरूनच काढतात, म्हणून मुलांचे वरचे पलंग भरले की ती शंभराच्या वर जाते. एकटा माणूस आला की एक पलंग रिकामा राहतो, शिवाय त्या दुसऱ्या माणसाने बारमध्ये, स्पामध्ये, कसिनोत आणि किनाऱ्यावरच्या सहलींवर केला असता तो खर्चही बुडतो. म्हणून सिंगल सप्लिमेंट, म्हणजे एकट्याकडून घेतलेलं जादा भाडं. जगभर घेतात, तुम्हीही घ्या. ते रद्द करा अशी मागणी या पत्रात नाही.

आमचं भांडण पावतीतल्या ओळींशी आहे. साधारण चार ओळी असतात: मूळ भाडं, बंदर शुल्क, ग्रॅच्युइटी आणि जीएसटी. यातली पहिली ओळ पलंगाची आहे. दुसरी आणि तिसरी माणसाची. ऑगस्ट २०२० मध्ये केंद्र सरकारने क्रूझ जहाजांचे बंदर दर उतरवले, तेव्हा जहाजाच्या आकारमानावर वेगळा दर लावला आणि प्रवाशांवर डोक्यामागे ५ डॉलर. डोक्यामागे म्हणजे डोक्यामागे. जे डोकं जहाजावर चढलंच नाही त्याचा कर बंदराला जात नाही, मग आमच्या पावतीवर तो कशासाठी? ग्रॅच्युइटीचंही तेच. ती केबिन आवरणाऱ्यांची, वाढप्यांची बक्षिसी. न आलेल्या माणसाचा टॉवेल कुणी बदलत नाही.

हिशोब मांडून दाखवतो. आकडे समजण्यापुरते आहेत, कुठल्याही कंपनीचे नाहीत. तीन रात्रींचं मूळ भाडं माणशी ३०,००० रुपये, बंदर शुल्क ४,००० आणि ग्रॅच्युइटी १,५०० धरा. जीएसटी बाजूला ठेवा. दोघांचं बिल ७१,००० होतं. एकटा माणूस दुप्पट भाडं भरायला तयार असला तरी त्याचं बिल ६०,००० अधिक ४,००० अधिक १,५००, म्हणजे ६५,५०० व्हायला हवं. सप्लिमेंट दीडपट असेल तर ४५,००० अधिक ५,५००, म्हणजे ५०,५००. प्रत्यक्षात ‘दोघांचे लागतील’ म्हणून ७१,००० सांगितले जातात. जास्तीच्या ५,५०० वर जीएसटी चढतो तो वेगळाच. आम्ही फोड मागितली की बऱ्याचदा हे पैसे मुकाट्याने कमी होतात. म्हणजे चूक तुम्हालाही ठाऊक असते. फोड न मागणाऱ्यांचं काय होतं, हे सांगायला नको.

आणि ऑफर आली की गंमत बघा. ‘दुसऱ्या प्रवाशाला भाड्यात ५० टक्के सूट.’ वरच्याच आकड्यांत जोडप्याचं भाडं ४५,०००, दोघांचं बंदर शुल्क ८,०००, ग्रॅच्युइटी ३,०००. एकूण ५६,०००. त्याच तारखेला, त्याच मजल्यावर, तशाच केबिनमध्ये एकट्या माणसाला मात्र ६५,५००, कारण ऑफर दुसऱ्या प्रवाशाला आहे आणि त्याला दुसरा प्रवासीच नाही! दोघं दोन्ही वेळा जेवणार, दोघं पोहणार, दोघं शोला बसणार आणि साडेनऊ हजार रुपये कमी भरणार. आम्ही ज्या दुसऱ्या पलंगाचे पैसे भरतो, तो पलंग ऑफरच्या दिवशी निम्म्या किमतीत विकायला काढलेला असतो. मग आम्हालाही तो निम्म्या किमतीतच मिळायला हवा. सप्लिमेंटमागे तुमचं जे कारण आहे, त्याच कारणाने.

यातून लोक काय शिकतात, तेही सांगून ठेवतो. मावसभावाचं नाव आणि आधार घालून दोघांचं बुकिंग करायचं, आणि निघायच्या दिवशी मावसभाव ‘आजारी’. काही एजंट स्वतःच ही युक्ती सुचवतात. ती आम्हाला मान्य नाही आणि बिनधोकही नाही. एक नाव आधी रद्द केलं की सिस्टीम उरलेल्याचं भाडं एकट्याच्या दराने नव्याने लावते आणि फरक मागते. रद्द न करता गैरहजर राहिलं तर चेक-इनच्या खिडकीवर खुलासा करत बसावं लागतं, कारण जहाजावर नेमकी किती माणसं आहेत हे सुटण्यापूर्वी मोजणं सोलास या आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियमांखाली बंधनकारक आहे. संकटात माणसं शोधायला निघतात ती याच यादीवरून. ज्या यादीवर जीव अवलंबून असतात तिच्यात खोटं नाव घालणं स्वस्त पडावं, असा दर लावू नका.

परदेशातून सुटणाऱ्या जहाजाचं पॅकेज इथल्या एजंटकडून घेतलं, तर एकूण रकमेवर टीसीएस (एजंटने आगाऊ गोळा करायचा आयकर) वसूल होतो, म्हणजे सप्लिमेंटवरही. रिटर्न भरताना तो करात वळता होतो हे खरं, पण तोवर पैसे अडकलेले राहतात. ग्राहकाला हे बुकिंगच्या आधी सांगा. व्हिसाचंही तसंच. ग्रीसहून निघून मध्येच तुर्कस्तानच्या कुशादासीला थांबून परत ग्रीसला येणाऱ्या जहाजासाठी मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा (युरोपातल्या अनेक देशांचा सामायिक, एकाहून जास्त वेळा आत येऊ देणारा) लागतो, कारण तुर्कस्तानात पाय ठेवला की शेंगेनबाहेर गेलात. ग्रुपमध्ये टूर मॅनेजर हे बघतो. एकट्याचं बघणारा कुणी नसतो, आणि सिंगल एंट्री घेऊन गेलेल्याला अडवतात ते बंदरावर.

आता रूम पार्टनर. ‘एकटे आहात? काळजी नको, आम्ही पार्टनर देतो,’ हे बसच्या सहलींमध्ये चालून जातं, हॉटेलची खोली दर दोन दिवसांनी बदलते. जहाजाची केबिन बदलत नाही. दीडशे-पावणेदोनशे चौरस फुटांत दोन अनोळखी माणसं, एकच बाथरूम आणि एकच तिजोरी, जिचा आकडा दोघांनाही माहीत. पासपोर्ट कुणी कुठे ठेवायचा? शिवाय आधीच्या फेरीत त्या केबिनमध्ये जोडपं असेल तर दोन पलंग जोडून त्यावर एकच मोठी चादर घातलेली असते. बुकिंगवर ‘पलंग वेगळे’ अशी नोंद नसेल तर पहिल्या संध्याकाळी दोन परक्या बायका एका डबल बेडकडे बघत उभ्या राहतात, आणि हाउसकीपिंगवाला संपूर्ण मजल्याच्या बॅगा पोचवून झाल्यावर रात्री नऊला येतो. नोंद करायला एजंटला अर्धं मिनिट लागतं.

पार्टनरबद्दल खरी अडचण पुढेच आहे. पार्टनर मिळाला नाही, किंवा मिळालेला निघायच्या आठ दिवस आधी गळला, तर उरलेल्याकडून पूर्ण सप्लिमेंट मागतात. त्या वेळी रद्द करायचं तर जवळजवळ सगळं भाडं बुडतं, म्हणून माणूस भरतो. पार्टनर जुळवण्याची जबाबदारी संस्थेने घेतलेली असते, मग तो न जुळल्याचा भुर्दंड प्रवाशावर का?

वेबसाइटविषयी थोडक्यात. प्रवाशांची संख्या आपोआप दोन धरलेली असते. तिथे एक केलं की काही तारखा ‘उपलब्ध नाही’ होतात, आणि फोन केला की त्याच तारखेची केबिन निघते. गर्दीच्या फेऱ्यांवर एकट्यांना केबिन न देण्याचं धोरण असेल तर तसं लिहा. शनिवार-रविवारची फेरी जोडप्यांना आणि कुटुंबांना, सोमवारी सुटणारी आम्हाला, हेही चालेल. ज्यांना घरी कुणी विचारणारं नाही त्यांना सोमवारचं काय वावडं!

जहाजावर चढल्यानंतरच्या तक्रारी पैशांच्या नाहीत, पण रोजच्या आहेत. नाश्त्याला बुफेच्या रांगेत आमलेटसाठी उभं राहायचं तर आधी टेबल धरावं लागतं. टेबलावर ताट ठेवून गेलं की परत येईस्तोवर ताट गायब, कारण कामगारांना रिकाम्या खुर्चीसमोरचं ताट लगेच उचलायची शिकवण असते. खुर्चीवर पर्स ठेवून जाणं शहाणपणाचं नाही. ताट हातात घेऊनच रांगेत उभं राहिलं तर इडल्या निवतात आणि टेबल चौघांचं कुटुंब घेतं. जोडप्याला हा प्रश्नच येत नाही, एक बसतो आणि एक जातो. उपाय काडीमोलाचा आहे: ‘प्रवासी परत येत आहेत’ असं लिहिलेली पुठ्ठ्याची पाटी, दोन्ही भाषांत, प्रत्येक बुफेच्या तोंडाशी पंचवीस-तीस. काही जहाजांवर त्या असतात. इथल्या फेऱ्यांवरही ठेवा.

रात्रीच्या जेवणाला एकट्याला दोघांच्या टेबलावर बसवून समोरची काचेची भांडी उचलून नेणं, हा प्रकारही बंद करा. बुकिंगच्या फॉर्मवर एक रकाना वाढवा: स्वतंत्र टेबल हवं, की सहा-आठ जणांच्या टेबलावर बसायला आवडेल. दोन्ही प्रकारची माणसं असतात. जैन आणि शाकाहारी जेवणाची नोंद तुम्ही व्यवस्थित घेता, तिथेच हेही विचारा. आणि पहिल्या संध्याकाळी एकट्या प्रवाशांची भेट ठेवाल तर तिथे जहाजाचा एक माणूस यजमान म्हणून उभा करा. दिवसाच्या कार्यक्रमपत्रिकेत नुसतं ‘सायंकाळी ६, एकट्या प्रवाशांची भेट, डेक ५’ छापलं की पाच जण पाच कोपऱ्यांत कॉफी पीत बसतात आणि साडेसहाला उठून जातात.

किनाऱ्यावर उतरलं की गाडीचं भाडं आडवं येतं. गोव्याला जहाज मुरगावला लागतं, तिथून पणजी तीसेक किलोमीटर. टॅक्सी पूर्ण गाडीची घ्यावी लागते, चौघांत वाटली तर परवडते आणि एकट्याला डोईजड होते. कंपनीची सहल घ्यावी तर काही सहलींना किमान दोन माणसांची अट. सहलींच्या काउंटरवर एक साधा फळा लावा, ज्यावर ‘पणजी, सकाळी १०, दोन जागा’ असं कुणीही लिहू शकेल. लक्षद्वीपला जहाज खोल पाण्यात नांगर टाकतं आणि लहान होड्यांतून बेटावर नेतात. लाटा जास्त असतील तर उतरणं रद्द होतं, ते कुणाच्या हातात नाही. पण परतीची शेवटची होडी किती वाजता आणि कुणाच्या घड्याळाने, हे एकट्या माणसाला लिहून द्या. ‘अजून तो आला नाही’ असं सांगणारं त्याच्यामागे कुणी नसतं.

सुरक्षिततेचा भाग आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. कोस्टा कॉन्कॉर्डिया जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कलंडली, त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून प्रवाशांची मस्टर ड्रिल, म्हणजे आणीबाणीत ठरल्या जागी जमायची कवायत, जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताक्षणी घेणं सक्तीचं झालं. ते तुम्ही करता. पण एकट्या माणसाचं संकट बहुधा भोंगा वाजवून येत नाही. ते बाथरूमच्या ओल्या फरशीवर येतं. दारावर ‘व्यत्यय नको’ ची पाटी लटकत असली की केबिन आवरणारा आत जात नाही, आणि दोन दिवस कुणाला कळत नाही. तुमच्याकडे मात्र कळायची सोय आहे. दार आणि जहाजाची शिडी, दोन्हीकडे तेच की-कार्ड चालतं आणि प्रत्येक वापराची नोंद राहते. ज्या एकट्या प्रवाशाने आधी लेखी संमती दिली आहे त्याचं कार्ड चोवीस तासांत कुठेच वापरलं गेलं नाही, तर रिसेप्शनवरून एक फोन, उत्तर आलं नाही तर दारावर एक माणूस. नवं यंत्र लागत नाही, नवा पगार लागत नाही.

केबिन देतानाही थोडं भान ठेवा. एकट्या बाईला लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाची केबिन देऊ नका, लिफ्टजवळची द्या. दोन केबिनांना जोडणारं मधलं दार असलेली तर नकोच. कडी असली तरी त्या दारातून शेजारच्यांचं खोकणंसुद्धा ऐकू येतं आणि झोप लागत नाही. रिसेप्शनवर केबिनचा नंबर मोठ्याने उच्चारू नका, कार्ड बघा. कितीतरी कंपन्या कार्डवर केबिनचा नंबर मुद्दाम छापत नाहीत, ते याचसाठी.

साठीच्या पुढच्या माणसाला ‘सोबत कोण?’ विचारून परत पाठवणाऱ्या एजंटांना एक सांगणं. आणीबाणीत जिना चढून मस्टर स्टेशनपर्यंत स्वतः पोचता येतं का, लाइफ जॅकेट स्वतः बांधता येतं का, हे विचारा. डॉक्टरचा दाखला मागा, विमा मागा. नातं विचारू नका. पंचाहत्तरीचं जोडपं चालतं आणि बासष्टीची धडधाकट विधवा चालत नाही, हे कुठल्या नियमात बसतं?

एकट्यासाठी वेगळी केबिन होऊच शकत नाही, हेही म्हणू नका. २०१० साली नॉर्वेजियन एपिक हे जहाज पाण्यात उतरलं ते एका माणसासाठीच्या १२८ केबिन घेऊन, प्रत्येकी साधारण शंभर चौरस फूट, आणि त्या प्रवाशांपुरता वेगळा लाउंज. खिडकी समुद्राकडे नव्हे, कॉरिडॉरकडे. दहा बाय दहाच्या खोलीत माणूस मावतो का, हे मुंबईकराला तरी समजावून सांगायची गरज नाही. इथून फिरणाऱ्या जुन्या जहाजांत पोलाद कापून नव्या केबिन काढता येणार नाहीत हे मान्य. पण अंग्रिया २०१८ मध्ये मुंबई–गोवा निघाली तेव्हा तिच्यात डॉर्मिटरी होती, एका माणसाला एक बंक. त्याही आधी कोकण बोटीत डेकवर सतरंजी अंथरणाऱ्याला कुणी शेजारच्या सतरंजीचे पैसे मागत नव्हतं. ही पद्धत या बंदराला परकी नाही.

बंदरवाल्यांना दोनच विनंत्या. बॅलार्ड पिअरच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन २० सप्टेंबर २०२५ ला झालं, ७२ चेक-इन आणि इमिग्रेशन काउंटर, वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता. त्या गर्दीत एकट्या माणसाला स्वच्छतागृहात जायचं तर बॅग कुणापाशी ठेवायची? बेवारस बॅग दिसली की सुरक्षा रक्षक धावत येणार, आणि ते बरोबरच आहे. तेव्हा टोकन घेऊन तासभर बॅग सांभाळणारी एक खिडकी काढा. दुसरं, परतीच्या सकाळी बॅलार्ड पिअरहून सीएसएमटीचं भाडं टॅक्सीवाल्याला परवडत नाही, इतकं ते जवळ आहे. सीएसएमटी आणि चर्चगेटसाठी शेअर टॅक्सीची रांग लावा, दर पाटीवर लिहून.

आता मागण्या, पुढचं दरपत्रक छापायच्या आधी लेखी उत्तर मिळावं म्हणून नेमक्या शब्दांत.

प्रत्येक दरपत्रकात ट्विन शेअरिंगच्या शेजारी एकट्याचा पूर्ण दर छापावा, तोही सगळे कर धरून.

सप्लिमेंट फक्त मूळ भाड्यावर लावावं. बंदर शुल्क आणि ग्रॅच्युइटी एकाच माणसाची घ्यावी. पावतीत ओळी वेगळ्या असाव्यात. आधी जास्त घेतलेले पैसे, पावती दाखवणाऱ्याला परत करावेत.

‘दुसऱ्या प्रवाशाला सूट’ असेल तेव्हा एकट्याने भरलेल्या दुसऱ्या पलंगालाही तीच सूट लागावी. त्याच केबिनला, त्याच फेरीत एकट्याचं बिल दोघांच्या बिलापेक्षा जास्त कधीही नसावं.

निघायच्या २१ दिवस आधी न विकलेल्या आतल्या, बिनखिडकीच्या केबिनपैकी किमान दहा, सव्वापट भाड्याने एकट्यांना खुल्या कराव्यात. रिकाम्या नेण्यापेक्षा तुम्हालाही बऱ्या.

रूम पार्टनर जुळवायचं आश्वासन दिलं असेल तर अंतिम पैसे भरायच्या तारखेपर्यंत नाव कळवावं. त्यानंतर पार्टनर गळला तर फरक संस्थेने सोसावा.

बुफेच्या पाट्या, टेबलाचा रकाना आणि की-कार्डवरून चौकशी, या तीन गोष्टी याच हंगामात सुरू कराव्यात. यांना ना पैसा लागतो ना मंजुरी.

उत्तर आलं की आम्ही ते जसंच्या तसं सगळ्यांना वाचायला ठेवू, नकार असला तरी.

कळावे,

मुंबईहून एकट्याने जहाजावर चढणारे प्रवासी